नॉर्मंडीच्या होड्या, बंगालच्या होड्या

छत्तीस फूट लांब, अकरा फुटांना जरा कमी रुंद, बरीचशी प्लायवूडची एक होडी. तळ जवळपास चपटा, त्यामुळे कमरेएवढं पाणीही तिला पुरायचं. पुढे निमुळती नाळ नाही, तिच्या जागी एक पोलादी फळा. होडी वाळूला टेकली की तो फळा धाडकन खाली पडायचा आणि आत दाटीवाटीने उभे असलेले छत्तीस सैनिक त्यावरून पाण्यात उतरायचे. ६ जून १९४४ रोजी, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सवर दोस्त फौजांनी चढाई केली तेव्हा, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अमेरिकी सैनिकांना घेऊन गेल्या त्या याच होड्या. न्यू ऑर्लिन्सचा अँड्र्यू हिगिन्स त्या बांधायचा. मिसिसिपीच्या मुखाजवळच्या दलदलीत तेल शोधणाऱ्यांना आणि कातड्यांसाठी प्राणी पकडणाऱ्यांना उथळ पाण्यात फिरण्यासाठी त्याने आधी एक बोट केली होती, तिच्यातून ही युद्धातली होडी जन्मली. युद्ध संपेपर्यंत अशा वीस हजारांहून जास्त होड्या तयार झाल्या.

त्याच युद्धात आणखी एका मोठ्या नदीच्या, गंगेच्या मुखाशी होड्या काढून घेतल्या जात होत्या. मार्च १९४२मध्ये रंगून पडलं, अंदमान जपान्यांच्या हातात गेलं. एप्रिलमध्ये त्यांच्या आरमाराने कोलंबोवर हल्ला केला, विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. जपानी फौज आता बंगालच्या किनाऱ्यावर उतरणार, या धास्तीने सरकारने हुकूम काढला: किनारी जिल्ह्यांत दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशी एकही होडी शत्रूच्या हाती लागता कामा नये. सुमारे ४५ हजार होड्या ताब्यात घेतल्या गेल्या, कुठे फोडल्या, कुठे बुडवल्या. ज्या मुलखात रस्ता म्हणजेच नदी, तिथे होडी गेली की शेतकऱ्याला बेटावरच्या आपल्या शेतात जाता येत नाही, कोळ्याला जाळं टाकता येत नाही, तांदूळ बाजारात पोचत नाही. जोडीला शिल्लक तांदूळ हलवण्याचंही धोरण होतं. पुढच्या वर्षी दुष्काळ आला तेव्हा बंगालमध्ये जे आधी आणि जास्त मेले, त्यांत कोळी होते.

समुद्रावरून येणारी फौज, दोन्हीकडे कारण हेच होतं. एका नदीच्या मुखाशी ती फौज पाठवण्यासाठी होड्या बांधल्या गेल्या, दुसऱ्या नदीच्या मुखाशी ती येईल म्हणून होड्या हिरावल्या गेल्या. एक चढाई झाली आणि तिने युरोपचा नकाशा बदलला. दुसरी झालीच नाही, पण तिच्या नुसत्या भीतीने माणसं मेली. दरवर्षी ६ जून जवळ आला की आपल्याकडेही नॉर्मंडीवर लेख येतात, चित्रफिती फिरतात, तरुण मुलं ओमाहा आणि युटा ही किनाऱ्यांची नावं अशी घेतात जशी आपण गडांची घेतो. ते मला वावगं वाटत नाही. त्या दिवसाचा अभ्यास व्हायलाच हवा. पण आपण तो अजूनही लंडन-वॉशिंग्टनहून लिहिल्यासारखा वाचतो. भारतीय वाचकाने नॉर्मंडी वाचताना हातात जहाजांची वही धरली पाहिजे. कारण ती चढाई मुळात जहाजांच्या वाटपाचा निर्णय होता, आणि त्या वाटपात आपलाही वाटा होता. तो कापला गेला.

आधी त्या चढाईचं मोठेपण नीट मोजू. एका दिवसात जवळपास १ लाख ५६ हजार माणसं उतरली, त्यातली सुमारे २३ हजार आकाशातून, बाकी समुद्रातून. लहानमोठी मिळून सातेक हजार जहाजं आणि होड्या त्यात होत्या. पाच किनारे होते: युटा आणि ओमाहावर अमेरिकी, गोल्ड आणि स्वॉर्डवर ब्रिटिश, जुनोवर कॅनेडियन. आकडे पाठ करणं सोपं आहे. हे जमवायला काय लागलं ते समजून घेणं अवघड. पहाटे ओहोटी हवी, कारण जर्मनांनी वाळूत रोवलेले सापळे उघडे दिसायला हवेत. आदल्या रात्री चंद्र हवा, कारण छत्रीधारी सैनिकांना जमीन दिसायला हवी. या दोन्ही गोष्टी महिन्यातल्या मोजक्याच दिवशी जुळायच्या. ठरला होता ५ जून. हवामानाचा अंदाज सांगणारा जेम्स स्टॅग म्हणाला, वादळ आहे, थांबा. चढाईचा सरसेनापती आयझेनहॉवर थांबला. मग स्टॅगनेच सांगितलं की वादळात थोडी उसंत दिसते आहे, आणि ६ तारखेला फौज निघाली. ती उसंत गमावली असती तर पुढची भरती-ओहोटी जुळत होती ती १८ ते २० जूनच्या सुमारास. आणि १९ जूनला इंग्लिश खाडीत असं वादळ उठलं की ओमाहापाशी बांधलेलं अख्खं कृत्रिम बंदर मोडून पडलं.

बंदर हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. १९४२च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या दिएप बंदरावर छापा घातला गेला होता, सुमारे सहा हजार माणसांचा. त्यातले पाच हजारांच्या आसपास कॅनेडियन होते आणि त्यांच्यातले ३,३००हून जास्त मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. पक्कं संरक्षण असलेलं बंदर समोरून घेता येत नाही, हा धडा त्या रक्तातून मिळाला. मग उत्तर निघालं की बंदर जिंकायचं नाही, सोबत न्यायचं. काँक्रीटच्या अजस्र पेट्या इंग्लंडमध्ये ओतल्या, समुद्रातून ओढत नेल्या आणि आरोमांशच्या किनाऱ्यासमोर बुडवून त्यांची भिंत केली. त्यातल्या काही आजही तिथे पाण्यात उभ्या आहेत. ऑगस्ट संपेपर्यंत वीस लाखांहून जास्त सैनिक नॉर्मंडीत उतरले होते आणि पॅरिस मोकळं झालं होतं.

युद्ध तर पूर्वेकडे रशियनांनी जिंकलं, नॉर्मंडी म्हणजे शेवटी येऊन श्रेय घेणं, असा एक सूर आपल्याकडे बऱ्याचदा ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जर्मन लष्कराचा कणा पूर्वेकडे मोडला यात शंका नाही. नॉर्मंडीनंतर पंधरवड्याने, २२ जूनला सोव्हिएत फौजांनी बेलारूसमध्ये जी मुसंडी मारली तिच्यात जर्मनीचा एक अख्खा सेनासमूह नाहीसा झाला. तरीही १९४४च्या मे ते जुलैमध्ये दुसरं काय चाललं होतं ते आठवा. १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत हंगेरीतल्या चार लाखांहून जास्त ज्यूंना आगगाडीच्या डब्यांत कोंबून नेलं गेलं, बहुतेकांना ऑशविट्झला. हिगिन्सच्या होड्या वाळूला टेकत होत्या त्या सकाळीही त्या गाड्या धावत होत्या. असं राज्य एक महिना लवकर संपणं म्हणजे काय, याची किंमत कुठल्याही कागदावर मांडता येणार नाही. म्हणून, नॉर्मंडीची चढाई न्याय्य होती, आवश्यक होती, आणि ती आणखी लवकर झाली असती तर बरं झालं असतं, असं मी मानतो. पुढचं सगळं मी हे मानून लिहितो आहे.

आता जहाजांची वही उघडू.

दोस्त राष्ट्रांकडे १९४४मध्ये माणसं होती, विमानं होती, तोफा होत्या. टंचाई होती ती किनाऱ्यावर रणगाडे उतरवणाऱ्या मोठ्या जहाजांची. या एका गोष्टीपायी सेनापतींच्या बैठका अडायच्या. नॉर्मंडीची चढाई मेऐवजी जूनमध्ये गेली त्याचं एक मोठं कारण कारखान्यांकडून आणखी एका महिन्याच्या होड्या मिळाव्यात हे होतं. त्याच वेळी दक्षिण फ्रान्सवर करायचा हल्ला ऑगस्टपर्यंत लांबला, कारण दोन्हीकडे पुरतील इतकी जहाजं नव्हती. आणि आपल्या समुद्राचं काय झालं? नोव्हेंबर १९४३मध्ये कैरोला चीनच्या चँग कै-शेकला शब्द दिला गेला होता की बंगालच्या उपसागरात, अंदमानवर, समुद्रावरून चढाई करू. मग तेहरानला स्टॅलिनसमोर नॉर्मंडी पक्की झाली आणि डिसेंबरमध्ये अंदमानचा बेत रद्द झाला. आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे प्रमुख माउंटबॅटन यांच्याकडची जहाजं युरोपकडे निघाली. ब्रह्मदेशची लढाई मग डोंगरांतून आणि जंगलांतून लढावी लागली. समुद्राची वाट मोकळी असती तर ती वेगळी झाली असती का, यावर वाद घालता येईल. मला एवढंच सांगायचं आहे की हा निर्णय नॉर्मंडीच्या नावाने झाला आणि आपण तो नॉर्मंडीच्या गोष्टीत कधी वाचत नाही.

पण सैन्याच्या जहाजांपेक्षा मालवाहू जहाजांचा हिशेब अधिक बोचतो. ब्रह्मदेश गेल्यावर तिथला तांदूळ बंद झाला. ऑक्टोबर १९४२मध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. भाव चढले, साठे झाले, आणि १९४३मध्ये बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरू लागली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला लंडनने हिंदी महासागरातल्या जहाजांच्या फेऱ्यांत मोठी कपात केली होती. दिल्लीहून गव्हाची मागणी वारंवार गेली. भारतमंत्री ॲमेरी मंत्रिमंडळात ती मांडत राहिले. मिळालं ते मागणीच्या मानाने फारच थोडं. चर्चिल यांना भारतीयांविषयी आस्था नव्हती, हे त्यांच्या सहकाऱ्यांनीच नोंदवून ठेवलं आहे. पण सगळं एका माणसाच्या स्वभावावर ढकललं की खरी यंत्रणा नजरेआड होते.

ती यंत्रणा १९४४च्या वसंतात अगदी स्पष्ट दिसते, आणि तिथे मुंबई येते. १४ एप्रिल १९४४च्या दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा. आधी कापूस धुमसला, मग दारूगोळा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या आगीत गेले. त्यांच्या आठवणीत आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. मृतांचा एकूण आकडा आठशेच्या वर मानला जातो. गोदीतली इतर जहाजं बुडाली, आसपासच्या वस्त्या जळाल्या, आणि कोठारातलं हजारो टन धान्य खाक झालं. वर्षभर आधीपासून रेशनवर जगणाऱ्या शहरात.

पंधरा दिवसांनी, २९ एप्रिलला, चर्चिल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं. होय, त्याच चर्चिल यांनी. वेव्हेल तेव्हा व्हाइसरॉय होते आणि गव्हासाठी ते लंडनच्या मागे हात धुऊन लागले होते. पत्रात बंगालच्या दुष्काळाचा उल्लेख आहे, गव्हाची टंचाई आहे, आणि मुंबईच्या स्फोटातल्या नुकसानीने अडचण वाढल्याचंही लिहिलं आहे. मागणी साधी होती: ऑस्ट्रेलियाचा गहू भारतात आणायला अमेरिकेने काही जहाजं द्यावीत. उत्तर यायला महिना लागला. ते १ जून १९४४ला आलं. सहानुभूती व्यक्त करून रूझवेल्टनी कळवलं की लष्करी कारणांसाठी जहाजं वळवता येणार नाहीत.

नॉर्मंडीला तेव्हा पाच दिवस उरले होते.

या दोन तारखा मी पहिल्यांदा शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा बराच वेळ वही पुढे सरकली नाही. तरी यात फार घाईने निष्कर्ष काढू नये. १९४३चे बहुतेक बळी तोवर जाऊन चुकले होते. हिवताप आणि देवी अजून मारत होते, पण भुकेचा कहर ओसरला होता. १९४४मध्ये पुढे गहू आलाही, वेव्हेल यांच्या चिकाटीने. जूनमधल्या नकारामुळे बंगालमध्ये अमुक लाख मेले, असं कोणी लिहिलं तर ते चूक आहे. या पत्रातून वेगळीच गोष्ट कळते. जहाजं कोणासाठी ‘लष्करी कारण’ आणि कोणासाठी ‘उपकार’ हे ठरवणाऱ्या टेबलाशी भारताची खुर्ची नव्हती. भारताची बाजू मांडायची तर चर्चिलनी पत्र लिहायचं आणि रूझवेल्टनी उत्तर द्यायचं. चाळीस कोटींचा देश त्या पत्रव्यवहारात विषय होता, पत्र लिहिणारा नव्हता.

यावर नेहमीचं उत्तर येतं: युद्ध होतं, जहाजं कमी होती, काहीतरी सोडावंच लागणार. १९४२ आणि १९४३च्या सुरुवातीबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे, तेव्हा जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये जहाजांचा फडशा पाडत होत्या. पण मे १९४३नंतर पाणबुड्यांचा जोर मोडला. अमेरिकी गोद्यांतून ‘लिबर्टी’ नावाची मालवाहू जहाजं इतक्या वेगाने बाहेर पडत होती की बुडणाऱ्यांपेक्षा बनणारी कितीतरी जास्त होती. १९४४मधली टंचाई पाणबुडीने केलेली नव्हती, ती क्रमवारीने केलेली होती. शिवाय गहू ऑस्ट्रेलियात होता, तिथून भारत हा तुलनेने जवळचा पल्ला. कोणी म्हणेल, बंगाल सरकारचा ढिसाळपणा होता, साठेबाज होते. होते. पण साठेबाजाला बळ मिळतं ते बाजारात माल येणार नाही या खात्रीतून. गव्हाची चार जहाजं कलकत्त्याच्या बंदरात दिसली असती तरी कोठारांची कुलुपं उघडली असती. साध्या व्यापाऱ्यालाही ते कळतं.

आणि हे फक्त आपल्याच वाट्याला आलं असं नाही. त्याच मे महिन्यात चर्चिल यांनी रूझवेल्टना आणखी एक काळजी कळवली होती. चढाईआधी फ्रान्सचे रेल्वेमार्ग उद्ध्वस्त करण्यासाठी जे बॉम्ब पडत होते त्यांत फ्रेंच नागरिक मरत होते. रूझवेल्टचं उत्तर जवळपास तेच: दुःख आहे, पण सेनापतींच्या हातांवर मी बंधनं घालणार नाही. त्या उन्हाळ्यात काँ, सां-लो, ल हाव्र ही गावं मित्रांच्याच बॉम्बखाली जमीनदोस्त झाली. नॉर्मंडीत मेलेल्या नागरिकांचे अंदाज वीस हजारांपर्यंत जातात. फ्रान्सला हे मोठ्याने बोलायला कित्येक दशकं लागली, कारण ज्याने सोडवलं त्याच्याच हाताने आपलं घर पडलं हे सांगणं कृतघ्नपणाचं वाटतं. पण ते बोलले. काँमध्ये आज जे युद्धस्मारक आणि संग्रहालय आहे तिथे नागरिकांच्या मरणालाही जागा आहे. त्याने मुक्तीचं मोल कमी झालेलं नाही.

आपण मात्र ना ती चढाई आपली मानली, ना तिचा खर्च आपला मानला. दुसरं महायुद्ध म्हणजे दुसऱ्यांचं युद्ध, असं म्हणून आपण सुटका करून घेतो. पण खुणा आपल्या अंगणात आहेत. पावसाळ्यात पुण्याहून खडकवासल्याला जाऊन धरणाच्या कडेला भाजलेलं कणीस खाल्लं नाही असा पुणेकर विरळा. मीही खाल्लं आहे, पाण्यापलीकडे एनडीएच्या बाजूला बघत. त्याच तलावाच्या काठी युद्धकाळात तिन्ही दलांचं एकत्रित प्रशिक्षण केंद्र होतं. किनाऱ्यावर उतरायचा सराव करण्यासाठी तिथे जहाजाची एक नकली प्रतिकृती उभी केली होती. सिंहगडाच्या पायथ्याजवळच्या गोड्या पाण्यात माणसं समुद्रावरच्या युद्धाचा सराव करत होती. अंदमानची चढाई रद्द झाली. मलायाची चढाई झाली ती सप्टेंबर १९४५मध्ये, जपानने हार मानल्यावर, आणि तिथल्या किनाऱ्यावर गाड्या चिखलात रुतून बसल्या. समोरून गोळी येणार नव्हती म्हणून निभावलं.

आणि माणगावचे यशवंत घाडगे. नॉर्मंडीनंतर महिन्याने, १० जुलै १९४४ला, इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या नायकाने एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच तो पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीची ती आघाडी नॉर्मंडीमुळे दुय्यम झाली होती. रोम ४ जूनला पडलं आणि दोन दिवसांत जगाच्या पहिल्या पानावरून उतरलं. आपली मुलं त्या उतरलेल्या पानावर लढत होती.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात बेडफर्ड नावाचं एक लहान गाव आहे. तिथली एकोणीस मुलं ६ जूनला मेली, म्हणून राष्ट्रीय स्मारक तिथे उभं राहिलं. त्या दिवशी मेलेल्या दोस्त सैनिकांचा आकडा आधी नुसता अंदाज होता. तिथल्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं नोंदी तपासल्या, एकेक नाव शोधलं, आणि ४,४००हून जास्त नावं कांस्याच्या पाट्यांवर कोरली. मला हे काम फार मोठं वाटतं. एका दिवसातल्या एकेका माणसाचा हिशेब लावायचा, हीच खरी कृतज्ञता.

बंगालच्या दुष्काळात किती गेले? सरकारी चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख म्हटलं, नंतरचे अभ्यासक ३० लाखांच्या आसपास धरतात, कोणी ३८ लाखांपर्यंत जातं. दोन टोकांमधला फरकच तेवीस लाखांचा. नावांची यादी तर सोडाच, होड्या कोणाच्या होत्या याचीही यादी आपल्याकडे कोणी केली नाही. जप्त होड्यांच्या नोंदी त्या वेळी झाल्या होत्या, भरपाई देण्यासाठी. निदान तिथून सुरुवात करता येईल. आणि शाळेत, शिबिरात, व्याख्यानात जिथे जिथे नॉर्मंडीचा नकाशा भिंतीवर लावला जातो, तिथे त्याच्या शेजारी २९ एप्रिलचं पत्र आणि १ जूनचं उत्तर लावा. दोन्ही कागद लहान आहेत, नकाशाच्या बाजूला सहज मावतील.